पाय टेकणारी सायकल

दोन वर्षांपूर्वी, आषाढाच्या अखेरीस, एका सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच एक वयस्क गृहस्थ ओट्यावर बसलेले दिसले. उजव्या हाताने डावे मनगट धरले होते आणि धोतराच्या काठावर सायकलीच्या चेनचा काळा ओघळ होता. वय ७२, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. तुळजापुरात त्यांना सारे ‘गुरुजी’ म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने, नाव न देता, हा वृत्तान्त लिहीत आहे. त्यात माझीही एक चूक आहे आणि ती इतर डॉक्टरांकडून, तसेच मुलासुनांकडूनही सहज होण्यासारखी आहे.

मनगटाजवळचे हाड मोडले होते. सोलापूरला अस्थितज्ज्ञांकडे पाठवून प्लॅस्टर झाले, सहा आठवड्यांनी ते निघाले आणि हाड व्यवस्थित जुळले. त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, “गुरुजी, आता सायकल बंद.” त्यांच्या मुलाने घरी जाऊन सायकलीला साखळी-कुलूप घातले. आम्हा दोघांनाही आपण योग्यच केले असे वाटले.

बंदीनंतरचे आठ महिने

ती सायकल १९७८ साली घेतलेली, काळ्या रंगाची, दांडीची. गुरुजी तिच्यावरून रोज सात किलोमीटरवरच्या शाळेत जात. निवृत्तीनंतरही भाजी, वाचनालय, पोस्ट आणि जुने सहकारी या साऱ्यांपर्यंत त्यांना तीच नेत असे. ती बंद झाली तेव्हा या सगळ्या जागाही बंद झाल्या. पायी जावे तर गुडघे दुखत. दोन्ही गुडघ्यांची झीज आधीपासून होतीच.

आठ महिन्यांनी सूनबाई मला भेटायला आल्या. “बाबा बोलतच नाहीत हो. जेवतात अन् खाटेवर पडून राहतात,” त्या म्हणाल्या. तपासले तेव्हा वजन चार किलोंनी वाढलेले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी ७.१ वरून ८.६ वर गेली होती. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागत होता. पडू नये म्हणून आम्ही त्यांना बसवले आणि बसल्यामुळे त्यांच्या मांड्यांचे स्नायू इतके क्षीण झाले, की आता ते घरातसुद्धा पडू शकले असते.

वृद्धापकाळात पडणे धोक्याचे आहे, यात शंका नाही. पण पडण्याच्या भीतीने हालचाल सोडणे हाही एक आजारच आहे आणि तो हळूहळू येत असल्याने घरातल्यांच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणाऱ्या हालचाली सुचवल्या आहेत. मी गुरुजींना मनाई लिहून दिली होती, पर्याय दिला नव्हता.

नेमके पडले कसे?

जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो मी आता विचारला. “गुरुजी, तुम्ही पडलात तेव्हा सायकल चालत होती का?”

“नाही हो डॉक्टरसाहेब. उतरत होतो. पाय मागून काढताना धोतर सीटला अडकलं.”

म्हणजे रहदारी, खड्डा, चक्कर यांपैकी काहीही कारण नव्हते. जुन्या दांडीच्या सायकलीवर चढताना उतरताना एक पाय मागून, सीट आणि कॅरिअरच्या वरून फिरवावा लागतो. त्या क्षणी सारा भार दुसऱ्या पायावर असतो. खुबा आखडलेला, गुडघा झिजलेला, आणि गुरुजींच्या पिढीची सवय अशी, की सायकल पुरती थांबण्याआधीच पायडलवर एक पाय ठेवून उडी मारायची. तिशीत हे शोभते, बहात्तरीत हाड मोडते. नेदरलँड्समध्ये वृद्ध माणसे मोठ्या संख्येने सायकल चालवतात. तेथेही ज्येष्ठांच्या बाबतीत चढणे उतरणे हाच नाजूक भाग असतो. म्हणून तेथील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी थांबताना आसन आपोआप खाली येणारी सायकल तयार करून पाहिली.

इतके कळल्यावर प्रश्नाचे रूपच बदलले. गुरुजींनी सायकल चालवावी की नाही, यापेक्षा त्यांच्या आजच्या शरीराला कशी सायकल हवी, हे पाहणे महत्त्वाचे होते.

आधी माणसाची तपासणी

सायकलीकडे वळण्यापूर्वी माणूस तपासणे आवश्यक होते. बसून आणि मग उभे राहून रक्तदाब मोजला. उभे राहिल्यावर तो फारसा उतरत नव्हता. हृदयाचा आलेख काढला, पायांच्या तळव्यांची संवेदना पाहिली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची झालेली होती. हाडांची घनता सोलापूरला मोजून घेतली. ती थोडी कमी होती, पण ठिसूळपणाच्या पातळीला गेलेली नव्हती.

मग दोन साध्या चाचण्या केल्या. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, आणि हात छातीशी बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठणे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला दुसऱ्या चाचणीत किमान १२ वेळा उठता यावे अशी अपेक्षा असते. गुरुजी नऊ वेळा उठले. म्हणून सहा आठवडे केवळ व्यायाम दिला : खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीच्या आधाराने एका पायावर उभे राहणे. सहा आठवड्यांनी आकडा १२ वर आला आणि मग आम्ही सायकलीचा विषय काढला.

मुलाचा विरोध होता. “पुन्हा पडले तर खुबा मोडेल. तेव्हा जबाबदार कोण?” हा त्याचा प्रश्न अवाजवी नव्हता. वृद्धाचा खुबा मोडला की सारे घर अंथरुणाशी बांधले जाते. अखेर करार ठरला. सायकल अशी बनवायची, की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पहिले पंधरा दिवस मुलगा शेजारून चालेल. आणि त्याला धोका वाटला तर बेत रद्द.

दोन जुन्या सायकलींची एक

बाजारात बसस्थानकाच्या बाजूला एक वयस्क सायकल मिस्त्री आहेत. गाव त्यांना चाचा म्हणते. गुरुजींची सायकल त्यांनीच चाळीस वर्षे दुरुस्त केलेली. मी त्यांना अडचण सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “ह्या दांडीच्या फ्रेमचं काही होणार नाय. खाली वाकलेल्या नळीची फ्रेम आणा.” ती घरातच सापडली. गुरुजींची नात शाळेत असताना वापरत असलेली २६ इंची लेडीज सायकल गच्चीवर अनेक वर्षे पडून होती.

परदेशात अशा आरामशीर बैठकीच्या सायकलीला ‘क्रूझर’ म्हणतात. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ साली रुंद, फुगीर टायरची दणकट सायकल आणली, तिच्यापासून हा प्रकार रूढ झाला. ताठ बसायचे, मागे वळलेले हँडल धरायचे, जाड टायर, रुंद सीट, आणि घाई अजिबात नाही. या वर्णनातील निम्म्या गोष्टी आपल्या जुन्या काळ्या सायकलीतही होत्याच. तिचे हँडल मागे वळलेले असे, सीट स्प्रिंगची असे आणि पाठ ताठ राहत असे. तिचे दोष दोनच : उंच आडवी दांडी आणि जुने ब्रेक. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील घडीच्या पॅराट्रूपर सायकलीसकट अनेक जुन्या सायकली नीट राखलेल्या पाहायला मिळतात. त्या पाहताना जुन्या घडणीतला टिकाऊपणा जाणवतो. मात्र संग्रहात ठेवायची सायकल आणि आजोबांना बसवायची सायकल यांचे निकष वेगळे असतात.

आमचा निकष चाचांनी एका वाक्यात सांगितला : “जे तुटलं तर माणूस पडतो, ते नवं घ्यायचं. जे तुटलं तर नुसता आवाज येतो, ते जुनं चालतं.” त्याप्रमाणे वाटणी अशी झाली.

• नवे घेतले : टायर व ट्यूब, ब्रेकचे गट्टू आणि तारा, चेन, फ्रीव्हील, चाकांतले व हँडलच्या मुळातले छर्रे.

• तपासून जुनेच ठेवले : नातीच्या सायकलीची फ्रेम, चिमटा आणि चाके. फ्रेमच्या प्रत्येक जोडावरचा रंग खरवडून तडा पाहिला. चिमट्याच्या मुळाशी गंज नाही याची खात्री केली. चाके फिरवून आरे पुन्हा ताणून घेतले.

• गुरुजींच्या सायकलीतून घेतले : मागे वळलेले हँडल, स्प्रिंगची रुंद सीट, घंटी, आणि सायकल सरळ उभी ठेवणारे मागचे दोन पायांचे स्टँड. हँडलवरच्या ब्रेकच्या दांड्या काढून तारेचे ब्रेक बसवले. हँडलचा दांडा चिमट्यात पुरेसा खोल गेला आहे, हे चाचांनी खूण करून दाखवले.

वाचकांपैकी कोणी असा उद्योग करणार असेल तर एक सूचना. टायरवर ‘२६’ लिहिलेले असले म्हणजे सारे टायर एकमेकांच्या जागी बसतात असे नाही. जुन्या २६ × १⅜ इंची टायरच्या रिमचा बैठकीचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर रुंद २६ × १.९५ किंवा २६ × २.१२५ टायरचा ५५९. नातीच्या सायकलीची चाके दुसऱ्या प्रकारची होती, म्हणून रुंद टायर सहज बसले. तसेच जुन्या दांडी ब्रेकचे गट्टू रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने लागतात आणि आताचे दोन्ही बाजूंनी आवळतात. त्यामुळे जुने रिम आणि नवे ब्रेक यांची जोडी जमत नाही. सारा खर्च मजुरीसह साडेतीन हजारांच्या आसपास आला.

माझी दुसरी चूक

पहिल्या दिवशी मी चाचांना सांगितले, “सीट अगदी खाली करा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत.” तसे झाले. शाळेच्या मैदानावर गुरुजी बसले, थांबले, दोन्ही पाय टेकले. सारे खूश झाले. दहा दिवसांनी ते दवाखान्यात आले ते गुडघ्याच्या वाटीमागे दुखते म्हणून.

कारण उघड होते आणि ते मला आधीच सुचायला हवे होते. सीट फार खाली असली की पायडल सर्वांत खाली गेले तरी गुडघा बराच दुमडलेला राहतो, आणि दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावताना वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. पायडल खाली असताना गुडघा केवळ २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. पण तितकी सीट वर घेतली तर पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणजे गुडघा वाचवावा तर पडण्याची भीती आणि पडणे टाळावे तर गुडघा जातो.

हा पेच चाचांनी सोडवला. भंगारातून त्यांनी ७ या आकड्यासारखी वाकलेली जुनी सीटपाइप काढली आणि सीट वर न घेता मागे नेली. सीट मागे गेली की पायडल तुलनेने पुढे जातात, पाय तिरका पसरतो. त्यामुळे सीट ते पायडल हे अंतर तेच राहून सीटची उंची कमी करता येते. आमच्या सायकलीत सीट साधारण तीन इंच मागे गेली आणि योग्य अंतर राखूनही सव्वा इंच खाली आली. गुरुजींच्या दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकू लागले आणि गुडघाही पुरेसा उलगडू लागला. क्रूझर सायकलीची सारी किमया या साध्या भूमितीत आहे. ती पाइप फ्रेममध्ये किमान अडीच इंच आत असली पाहिजे, आणि बसणाऱ्याचा भार मागे गेल्याने कॅरिअरवर जड सामान ठेवू नये, एवढे दोन नियम पाळावे लागतात. म्हणून भाजीसाठी पुढे हलकी टोपली लावली.

आठवडाभराच्या विश्रांतीनंतर गुरुजी पुन्हा बसले. वाटीमागचे दुखणे परतले नाही. ताठ बैठकीमुळे मोडलेल्या मनगटावर भार येत नव्हता, मानही उचलून धरावी लागत नव्हती. मात्र ताठ बसल्यावर धक्के सरळ कण्याला पोहोचतात. स्प्रिंगची सीट आणि थोडी कमी हवा भरलेले रुंद टायर ते बरेचसे शोषून घेतात. तरीही खड्ड्यांचा रस्ता टाळावा, विशेषतः मणक्यांची हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी.

सर्वांत अवघड ठरले ते जुनी सवय मोडणे. नवी रीत अशी होती : दोन्ही ब्रेक दाबून सायकल स्थिर करायची, पाय समोरच्या खोलगट भागातून पलीकडे टाकायचा, दोन्ही पायांवर उभे राहायचे, मगच बसून पायडल मारायचे. उतरताना सायकल पूर्ण थांबवायची, दोन्ही पाय टेकायचे आणि मगच पाय काढायचा. गुरुजींनी आयुष्यभर मुलांकडून पाढे घोकून घेतले, आता मुलाने त्यांच्याकडून ही रीत घोकून घेतली. धोतर मात्र सायकलीपुरते सुटले आणि पायजम्याच्या पायाला क्लिप आली.

चढ, वेग आणि दम

आमचे गाव बालाघाटच्या डोंगरावर वसलेले. घराबाहेर पडले की चढ किंवा उतार असतोच. जुन्या सायकलीचे पुढचे चक्र ४४ दातांचे आणि मागचे १८ दातांचे होते. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाई. नव्या सायकलीत मागे २२ दातांचे फ्रीव्हील लावल्याने हे अंतर सुमारे चार मीटरवर आले. वेग घटला, पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोरही घटला. मिनिटाला ५० फेरे मारले तरी ताशी १२ किलोमीटर वेग मिळतो. या वयाला तेवढा पुरे.

श्रम किती करावे, याचे माप घड्याळात शोधू नये. सायकल चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. तो मध्यम श्रम. वाक्य तुटू लागले तर उतरून सायकल हातात धरून चालावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही, त्यामुळे नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. छातीत जडपणा, जबडा किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ थांबावे आणि उशीर न करता डॉक्टर गाठावा.

मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. उपाशीपोटी सायकल काढू नये. साखर १०० पेक्षा कमी असेल तर आधी काही खावे. खिशात तीन चमचे साखरेची पुडी नेहमी असावी. परतल्यावर तळपाय पाहावेत.

कोणी सायकलीवर बसू नये

ज्यांना वारंवार भोवळ येते, फिट येतात, अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांची बाजूची नजर काचबिंदूने आक्रसली आहे, ज्यांना ओळखीच्या रस्त्यावर दिशाभूल होते, त्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय रस्त्यावर सायकल नेऊ नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही धोक्याचा ठरतो. हेल्मेट तर सर्वांनीच घालावे. अशांना घरात बसून चालवायची स्थिर सायकल किंवा तीनचाकी हा पर्याय असतो. ज्यांना पूर्वी कधीच सायकल येत नव्हती, त्यांनी सत्तरीत नव्याने शिकण्याचा हट्ट धरू नये, चालावे.

घरातल्यांसाठी

सांभाळणाऱ्यांना माझे इतकेच सांगणे आहे. घरातले वडीलधारे पडले, की वस्तू काढून घेण्यापूर्वी ते कसे पडले, हे शांतपणे विचारावे. कोणत्या जागी, कोणत्या क्षणी, पायात काय होते, उजेड किती होता, आधी कोणती गोळी घेतली होती. उत्तर बहुधा बारीकशा तपशिलात असते आणि तो तपशील बदलता येतो. सायकलीची दांडी, न्हाणीघराची ओली फरशी, खाटेची उंची, सैल चप्पल, सगळ्यांना हाच प्रश्न लागू आहे. डॉक्टर विसरला तर त्यालाही हा प्रश्न विचारायला लावावे.

गुरुजी आता आठवड्यातून पाच दिवस, सकाळी उन्हे चढण्यापूर्वी, सपाटीच्या रस्त्याने २५ ते ३० मिनिटे जातात. घाटाकडे जात नाहीत. नवरात्रात आणि कोजागिरीला, पायी येणाऱ्या यात्रेकरूंनी रस्ते भरलेले असताना, सायकल घरीच असते. सहा महिन्यांनी त्यांची एचबीए१सी ७.४ वर आली. त्याचे सारे श्रेय सायकलीला देता येणार नाही, कारण मी औषधही बदलले होते आणि सूनबाईंनी चहातली साखर बंद केली होती. खुर्चीतून उठताना मात्र आता हात लागत नाहीत, आणि वाचनालयातून परतताना ते दवाखान्यासमोर थांबून घंटी वाजवतात.

गेल्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा त्यांनीच विचारले, “डॉक्टरसाहेब, ही किती दिवस चालेल?” मी सांगितले, “दर सहा महिन्यांनी दहा सेकंद एका पायावर उभे राहून दाखवा. जमेल तोवर ही. नाही जमले तर चाचांना तिसरे चाक लावायला सांगू.” ते हसले, भिंतीजवळ गेले आणि मी सांगण्याआधीच त्यांनी एक पाय उचलला. मी घड्याळ पाहू लागलो.